समासाबाहेर

पाहुण्यांचं भाषण रंगात आलं होतं आणि तिसऱ्या रांगेत बसलेली इंदिरा शिरसाठ मांडीवरच्या पुस्तकात आपलं पान शोधत होती.

जळगावातलं ते सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. प्राध्यापक मंडळी, बँकेतली माणसं, एखाददुसरा हौशी सराफ, मागच्या खुर्च्यांवर कॉलेजची मुलं. हारतुरे आटोपले होते, पुस्तकाची फीत सुटली होती. पुण्याहून आलेले पाहुणे आता केळी-कापसाच्या या मुलखात असली प्रयोगशील चळवळ रुजलीच कशी, याचं नवल घोळवून घोळवून सांगत होते. पुस्तकाचं नाव ‘समासाबाहेर : निवडक’. त्याखाली संपादकाचं नाव, प्रा. लीलाधर वायकोळे. आठ वर्षं धुळ्यात सायक्लोस्टाइल होऊन निघणारं, जमेल तेव्हा निघणारं, कधी सहा महिने न निघणारं ‘समासाबाहेर’ आता चकचकीत मुखपृष्ठ लेऊन, शिवलेल्या बांधणीत आलं होतं. इंदिरा त्यासाठी ठेवणीतली साडी नेसून सकाळच्या एस.टी.नं धुळ्याहून आली होती.

पान सापडलं. आधी तिला वाटलं, भलत्याच कुणाची कविता उघडली. मग मथळा वाचला. ‘नळ’. त्याखाली डाव्या कडेला चिकटून, सैन्यात भरती झाल्यासारख्या ओळी उभ्या होत्या.

थेंब थेंब
हंडा हंडा हंडा
हंडा हंडा हंडा!

शेवटचं उद्गारचिन्ह तिचं नव्हतंच. ते प्रेसवाल्यानं पदरचं घातलं होतं.

इंदिराचं ‘नळ’ ही कविता नव्हती आणि नुसतं चित्रही नव्हतं. ते तिनं टाइपरायटरवर काढलं होतं. पानाच्या डोक्यावर एकच शब्द, ‘नळ’. त्याखाली ‘थेंब’ हा शब्द अक्षर अक्षर सुटून खाली गळत आलेला. आणि त्याखाली ‘हंडा’, ‘हंडा’, ‘हंडा’ अशी रांग. आधी सरळ, मग ढकलाढकलीत वाकडी, एकमेकींच्या अंगावर चढलेली, काही ठिकाणी अक्षरावर अक्षर इतकं मारलेलं की शाईचा नुसता डाग झालेला. ती रांग उजवीकडचा समास ओलांडून कागदाच्या टोकापर्यंत जायची आणि शेवटचा हंडा अर्धाच उमटायचा. ‘हं’ कागदावर, ‘डा’ कागदाबाहेर. इंदिराच्या वस्तीत पाण्याची रांग अशीच असे. शेवटचा हंडा कुणाचा आहे, ते नळापाशी उभं राहून कधी दिसायचं नाही.

तिनं घाईघाईनं बाकीची पानं उलटली. तिची सगळीच चित्रं अशी सरळ केली होती. पांझरा नदीचं कोरडं पात्र तिनं नुसत्या पूर्णविरामांनी काढलं होतं, ते तर गाळूनच टाकलेलं. शेवटी ऋणनिर्देशाचं पान होतं. त्यात मुद्रकाचे आभार होते, चहा करकरून दमलेल्या सौभाग्यवतींचे होते, आणि तळाशी एक ओळ होती. ‘टंकलेखन : इंदिरा शिरसाठ’.

तेवढ्यात भाषण संपलं आणि टाळ्या वाजल्या. इंदिरानंही वाजवल्या. हात आपोआप वाजले, आणि त्याचा तिला पुढे कितीतरी दिवस राग येत राहिला.

इंदिरा धुळ्यातल्या एका सरकारी कार्यालयात टंकलेखिका होती. तिचे वडील, पुना शिरसाठ, मार्केटात हमाली करत. पोरीच्या पाठीवर ओझं नको, बोटांवर आलं तर चालेल, असं म्हणून त्यांनी तिला मॅट्रिकनंतर मोतीलालशेठच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये घातलं. आग्रा रोडवर एका कापडदुकानाच्या वर मोतीलालशेठचा तो हॉल होता. ओळ संपत आली की मशीनची घंटी वाजते आणि त्यापुढे कागद वाहणारी गाडी अडते. आणखी पुढं जायचं तर एक कळ दाबावी लागते. ती कळ दाबायची सवय लागली की टायपिस्टचा हात बिघडतो, असं मोतीलालशेठ पहिल्याच दिवशी बजावत. इंदिरानं ती कळ पहिल्याच आठवड्यात दाबून पाहिली. वाया गेलेल्या कागदांवर ती अक्षरांची झाडं काढू लागली, जिने काढू लागली, माणसं काढू लागली. नोकरी लागल्यावरही रविवारी ती हॉलवर जाई. मोतीलालशेठ तिला नवख्या मुलींचे सराव तपासायला देत आणि त्या बदल्यात मशीन वापरू देत.

लीलाधर वायकोळे तिला तिथंच भेटले. ते तेव्हा धुळ्याच्या एका कॉलेजात नवे लागले होते. लेख टाइप करून घ्यायला आले आणि टोपलीतला एक चुरगळलेला कागद उचलून बघतच राहिले. हे कुणी केलं, म्हणून त्यांनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं. इंदिराला वाटलं, आता कागद वाया घालवल्याबद्दल बोलणी बसणार. पण त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं की जगात आणखीही माणसं असं करतात, याला कला म्हणतात, त्यावर पुस्तकं निघतात. दुसऱ्या दिवशी ते अशी दोन पुस्तकं घेऊनही आले. त्या दिवसाचं ऋण इंदिरानं कधी नाकारलं नाही. पुढं सगळं झाल्यावरही नाही.

‘समासाबाहेर’ दोघांनी मिळून काढलं. नाव तिनं सुचवलं. लीलाधर सर चित्रकलेवर, नव्या कवितेवर आणि राजकारणावर लिहीत. बाहेरून आलेलं साहित्य इंदिरा निवडे, मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टाइप करी, म्हणजे स्टेन्सिल कापी, मोतीलालशेठच्या सायक्लोस्टाइल मशीनचा दांडा फिरवी, पानं जुळवी, घड्या घाली, तिकिटं लावी. अंकावर कुणाचंच नाव छापायचं नाही, असं सरांनी ठरवलं होतं. शब्द कुणाच्या मालकीचा नसतो, असं ते म्हणत. तिलाही ते तेव्हा फार आवडलं होतं. पत्ता मात्र एक लागतोच. तो सरांचा टाकला. तिच्या वस्तीचा पत्ता टाकला तर अंकाची पत्रं नीट पोचतील की नाही, असं सर जरा चाचरत म्हणाले. पोस्टमन तिच्या दारात रोज येत होता. काय म्हणायचं आहे ते तिला कळलं, आणि ती गप्प बसली. पुढे सरांना जळगावला नोकरी मिळाली, पत्ताही जळगावचा झाला. काम धुळ्यात होत राहिलं आणि पत्रं जळगावला जात राहिली.

आलेल्या पत्रांतली मोजकी सर तिला पाठवत. त्यातलं एक तिच्या कायम लक्षात राहिलं. अंक पोचला, मजकूर वैचारिक आहे, मात्र छपाईत दोष दिसतो, मशीन दुरुस्त करून घ्यावं.

घरी वेगळीच तऱ्हा. तिचा थोरला भाऊ झिपरू रिक्षा चालवायचा आणि वस्तीतल्या प्रत्येक मोर्च्यात पुढं असायचा. विद्यापीठाच्या नामांतराची चळवळ पेटली होती, गावोगाव माणसं तुरुंगात जात होती. मोर्च्यांची पत्रकं इंदिराच टाइप करून द्यायची. पण त्याच मशीनवर ती जे दुसरं करायची, ते झिपरूला सोसायचं नाही.

“इंदे, तठे पोरे लाठ्या खाई ऱ्हायनात,” तो एकदा म्हणाला, “नि तू आठे अक्षरेस्ना झाडे काढस.”

तिनं त्याला समजावायचा प्रयत्न केला होता. पत्रक लोक वाचतात आणि त्याचा पुडा बांधतात. तिला असं काही करायचं होतं की त्याचा पुडा बांधताना हात अडखळावा. झिपरूनं ऐकून घेतलं आणि उद्यासाठी पत्रकाच्या आणखी प्रती मागितल्या. दुसऱ्या बाजूला लीलाधर सर म्हणत, पत्रकाची भाषा अंकात आणू नका, कला बुजते. दोन्हीकडून कान धरल्यासारखी ती आठ वर्षं मधोमध उभी राहिली होती. आणि हे दोन वेगळे रस्ते नाहीत, हे तिला ज्या एका कागदावर दाखवता आलं असं वाटलं होतं, तो कागद म्हणजे ‘नळ’.

कार्यक्रमानंतर मागच्या व्हरांड्यात चहा होता. सरांभोवती गर्दी होती. ती पांगेपर्यंत इंदिरा खांबापाशी थांबली. तिला बघून सर मनापासून हसले आणि कसं झालंय पुस्तक, म्हणून विचारलं.

“चित्रं सरळ केलीत,” इंदिरा म्हणाली.

प्रेसवाल्याला जमेना, असं सर म्हणाले. ब्लॉक करायचे तर खर्च वाढत होता, प्रकाशक तयार नव्हता, चर्चा करायला वेळ नव्हता. पण शब्द एकही बदलला नाही, तसं आपण बजावून ठेवलं होतं.

“शब्द तर तेच आहेत ना?” त्यांनी विचारलं.

“शब्द तेच आहेत. आणि मागं टंकलेखन असं लिहिलंय.”

“हो. नाव नसावं असं आपलं धोरण होतं, पण मला राहवेना. तुमच्या कष्टांची नोंद व्हायलाच हवी होती.”

“चित्रं कुणी काढली, सर?”

“म्हणजे?”

“ही चित्रं. नळ, जिना, पात्र.”

सर क्षणभर गोंधळले. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, आणि तेच तिला जास्त लागलं. “ती तुम्हीच टाइप केलेली ना,” ते म्हणाले. “म्हणून तर नाव घातलं.”

कुणीतरी त्यांना फोटोसाठी हाक मारली. आपण सविस्तर बोलू, दुसऱ्या आवृत्तीत बघू, असं म्हणून ते गेले. असल्या पुस्तकांची दुसरी आवृत्ती निघत नाही, हे तिला माहीत होतं. त्यांनाही असावं.

परतीच्या गाडीत एरंडोल गेलं, पारोळा गेलं, तिला कशाचंच भान नव्हतं. मनातल्या मनात ती भांडत होती. सरांशी, प्रेसवाल्याशी, त्या पुण्याच्या पाहुण्यांशी. आणि मग फिरून स्वतःशी. नावं नकोत म्हटलं तेव्हा मान कुणी डोलावली? पत्ता त्यांचा टाकला तेव्हा तोंड कुणी शिवलं? पुरावा काय होता तिच्याकडे? टाइप तर तिनं खरंच केलं होतं. जगातल्या कुठल्याही कचेरीत विचारलं असतं तरी उत्तर तेच आलं असतं.

घरी आल्यावर मायनं, द्रौपदाबाईनं, तिच्या तोंडाकडे बघून ताट वाढलं. जेवी ले, एवढंच म्हणाली. झिपरू अंगणात रिक्षा पुसत होता. त्यानं पुस्तक मागून घेतलं, बोटं पाटलोणीला पुसली आणि मधलंच पान काढून मोठ्यानं वाचायला लागला. थेंब थेंब, हंडा हंडा हंडा. त्याची पोरं खिदळली. त्यांनाही ते तोंडपाठ झालं आणि ती अंगणभर हंडा हंडा करत नाचायला लागली. झिपरूही हसला. मग त्याची नजर बहिणीकडे गेली आणि त्यानं पोरांना गप्प केलं. पान पुन्हा एकदा नीट बघितलं.

“हाई तुन्हं नही शे,” तो म्हणाला.

“माझंच आहे, भाऊ.”

“नही. तुन्हं वाकडं व्हतं. पानबाहेर जाये.”

पुस्तक तिच्या हातात देऊन तो पुन्हा रिक्षा पुसायला लागला. आठ वर्षांत त्यानं तिचा एकही अंक उघडून बघितला असेल, असं इंदिराला कधी वाटलं नव्हतं. तिला रडू यायला हवं होतं, पण आलं ते नुसतं डोकेदुखीसारखं काहीतरी.

पुढचे काही आठवडे तिनं रागात काढले. पुढच्या अंकासाठी एक लेख लिहिला, त्यात लीलाधर सरांची सालटी काढली. वाचून बघितला तर तो तक्रारअर्जासारखा वाटला. कचेरीत तिनं असले अर्ज शेकड्यांनी टाइप केले होते. तो फाडला. दुसरा लिहिला, तो रडका झाला. तोही फाडला. कचेरीत तिच्या कामात एक चूक सापडली, तेव्हा साहेबांनी काळजीनं तब्येत विचारली. शिरसाठबाईंच्या कामात चूक म्हणजे सूर्य पश्चिमेला, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. तिला ते कौतुकही टोचलं.

अशात एके दिवशी लीलाधर सर कचेरीतच हजर झाले. विद्यापीठाच्या कामासाठी धुळ्याला आले होते. ते तिच्या टेबलासमोरच्या बाकावर अवघडून बसले. आजूबाजूचे टाइपरायटर जरा मंदावले.

माझ्या मनाला ते लागून राहिलंय, असं सर म्हणाले. तुमचं म्हणणं त्या दिवशी घरी गेल्यावर कळलं. आपण एक शुद्धिपत्र काढू, उरलेल्या प्रतींत चिकटवू. मसुदा त्यांनी खिशातून आणलाच होता. ‘टंकलेखन’ऐवजी ‘टंकचित्रे’ असे वाचावे.

“स्टेन्सिल तुम्हीच कापाल ना?” त्यांनी विचारलं. “तुमच्याइतकं स्वच्छ कुणाचं येणार?”

इंदिरा हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसली आणि ते हसू आवरायला तिला पदर तोंडाशी न्यावा लागला. सरांना आपण काय बोललो ते उशिरा उमगलं आणि ते कानापर्यंत लाल झाले.

“शुद्धिपत्राची स्टेन्सिल कापते,” ती म्हणाली. “पण त्याबरोबर ‘नळ’ही जाईल. पूर्ण.”

“पुस्तकाचा आकार लहान आहे.”

“घडी घालू.”

“घडी कडेनं बाहेर येईल. वाचकाला बांधणीतली चूक वाटेल, इंदिराबाई.”

“आठ वर्षं चूकच वाटतेय. अजून थोडी वाटू द्या.”

सरांनी मान डोलावली. जळगावच्या पुस्तकविक्रेत्याच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली आणि उठले. जाताना दारात थांबून त्यांनी पत्त्याचं विचारलं, पुढचा अंक कुठल्या पत्त्यानं काढणार म्हणून. माझ्या, असं तिनं सांगितलं.

रविवारी दुपारी ती हॉलवर गेली. मोतीलालशेठनं कोपऱ्यात एक कॉम्प्युटर आणून ठेवला होता, त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर होतं, आणि मुलींना चपला काढल्याशिवाय त्याच्याजवळ जायची बंदी होती. इंदिरा आपल्या जुन्या मशीनवर बसली. ‘नळ’ची एकच जुनी प्रत तिच्याजवळ उरली होती, फिकट पडलेली. तिनं ती समोर लावली, शाईची फीत बाजूला केली, स्टेन्सिल चढवली.

जमेना. रांग सरळ येऊ लागली.

तिला वाटलं, घाई होतेय. दुसरी स्टेन्सिल घेतली. हंड्याखाली हंडा, हंड्याखाली हंडा, कचेरीतल्या तक्त्यासारखे नीट बसत गेले. मुद्दाम वाकडं करायला गेली तर ते मुद्दाम केलेलं दिसू लागलं. अक्षरावर अक्षर मारताना मेण फाटलं आणि हंड्यांच्या जागी भोक पडलं. लाल औषध लावून ते बुजवलं, पुन्हा फाटलं. तिसरी स्टेन्सिल तर तिनं अर्ध्यातच ओढून काढली. मधल्या वर्षांत बोटांनी निर्दोष टंकलेखनाचं इतकं वळण घेतलं होतं की त्यांना वाकडं जाताच येत नव्हतं. ज्या रांगेकडे बघून तिनं ते चित्र केलं होतं, ती रांगही आता राहिली नव्हती. वस्तीत वर्षापूर्वी घरोघर नळ आले होते, पाणी कमी दाबानं का होईना दारात येत होतं. ही चांगली गोष्ट होती. त्यासाठी झिपरूनं लाठ्या खाल्ल्या होत्या. आणि इंदिरा इथं बसून त्या गेलेल्या रांगेला परत बोलावत होती.

सर म्हणतात तेच खरं असेल तर, असं तिच्या मनात आलं. कधीतरी हात चुकला, त्याला आपण चित्र म्हटलं, आणि एक भला माणूस त्याला फसला. टंकलेखन ते टंकलेखन. तिनं मशीनवर झाकण घातलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. समोरच्या मशीनवर एक नवी मुलगी एकच ओळ पुन्हा पुन्हा मारत होती, आणि दर वेळी घंटी वाजली की दचकत होती.

पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली. या वेळी तिनं जुनी प्रत समोर लावली नाही. नळापासून सुरुवात करायची नाही, असं ठरवून आली होती. आधी तिनं समासाची ती कळ दाबली, गाडी पार उजव्या टोकाला नेली आणि तिथं, कागद संपतो तिथं, शेवटचा हंडा मारला. अर्धा उमटला. तिथून ती मागं मागं येत गेली. शेवटी उभ्या असलेल्या बाईला पुढचं काय दिसतं? पुढच्या बाईची पाठ दिसते, डोक्यावरची चुंबळ दिसते, मधूनच एखादा हात. नळ दिसतच नाही. तिनं त्या बाईच्या जागेवरून रांग काढली. हंडे कुठं सांडले, कुठं दाटले, ते तिनं ठरवलं नाही. मेण दोन जागी फाटलं, तिनं ते फाटू दिलं. तिथं शाई सांडणार होती, सांडू दे. सगळ्यात शेवटी, वर, फार दूर, तिनं ‘नळ’ हा शब्द मारला, अगदी हलक्या हातानं. दिसेल न दिसेल असा.

पहिला कागद सायक्लोस्टाइल मशीनमधून बाहेर आला. तो जुन्या चित्रासारखा नव्हता. बरा होता की वाईट, हे तिला सांगता आलं नसतं. मोतीलालशेठ जवळ आले, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि मशीनची शाई फार सुटतेय म्हणाले. तिनं हो म्हटलं आणि दांडा फिरवत राहिली.

जळगावच्या नव्या पेठेतल्या दुकानदारानं चिठ्ठी वाचून तिला मागच्या खोलीत स्टूल दिलं. पुस्तकं तिच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी उरली होती. खप चांगला झाला म्हणून नव्हे. मोठा गठ्ठा शाळा आणि वाचनालयांच्या खरेदीत गेला होता, काही प्रती पाहुण्यांना भेट गेल्या होत्या. त्या सगळ्या प्रतींत हंडे सरळ रांगेत उभे होते आणि राहणार होते. घरून डब्यात आणलेली खळ घेऊन ती उरलेल्या पुस्तकांना बसली. शुद्धिपत्र लावायचं, घडी घातलेलं ‘नळ’ आत चिकटवायचं, वर वजन ठेवायचं. कागद पुस्तकाच्या कडेनं थोडा बाहेर येतच होता.

दुकानदार चांगला माणूस होता. त्यानं तिच्यासाठी चहा मागवला, एक पुस्तक हातात घेऊन फिरवून बघितलं आणि कटरकडे बोट दाखवलं.

“ताई, हे बाहेर डोकावतंय ते कापून देऊ का? सगळी सारखी करून देतो.”

“नको,” इंदिरा म्हणाली. “शेवटचा हंडा तिथंच आहे.”

त्याला काही कळलं नाही, पण त्यानं कापलं नाही.

नवा अंक तिच्या वस्तीच्या पत्त्यावर निघाला. आत संपादक म्हणून तिचं नाव होतं. पत्रं आली. थोडी आली, पण पोचली. त्यातली बहुतेक ‘श्री. संपादक’ यांना होती आणि एका कवीनं तर तिच्या नावापुढे ‘राव’ लावलं होतं. झिपरूनं ती पत्रं रिक्षातल्या गिऱ्हाइकांना वाचून दाखवली, असं तिला दुसऱ्याकडून कळलं. अंकात काय आहे, हे त्यानं अजूनही तिला विचारलं नाही. लीलाधर सरांनी लेख पाठवला. तो तिनं घेतला, दोन परिच्छेद काढून टाकून.

वाचनालयांना गेलेल्या प्रती तेवढ्या तिच्या डोक्यातून जात नव्हत्या. धुळ्यातल्याच एका वाचनालयात त्यातली एक होती. ती कचेरी सुटल्यावर तिथं गेली आणि ग्रंथपाल लताबाईंना सगळं सांगितलं. लताबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. पुस्तकात काही चिकटवायला परवानगी देता येत नाही, असं त्या म्हणाल्या. हवं तर सुटा कागद आत ठेवा, पण राहील याची खात्री आम्ही देत नाही. इंदिरानं कागद आत ठेवला.

काही दिवसांनी ती पुन्हा गेली. कपाटातून पुस्तक काढलं, पान उघडलं. कागद नव्हता. मागची पुढची पानं झटकून बघितली, शेजारची पुस्तकं काढून बघितली, खाली वाकून कपाटाखाली बघितलं. लताबाईंना विचारलं. पुस्तक कुणी घरी नेलेलं नव्हतं. लोक इथंच बसून चाळतात, असं त्यांनी सांगितलं. घेतला असेल कुणी. नाहीतर झाडताना केरात गेला असेल.

इंदिरा पुस्तक हातात घेऊन कपाटापाशी उभी राहिली. पलीकडे लांब टेबलाशी माणसं वर्तमानपत्रं वाचत होती. एक म्हातारे गृहस्थ मान टाकून डुलक्या घेत होते. दोन कॉलेजच्या मुली वहीत काहीतरी उतरवून घेत होत्या. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली. कुणीही असू शकत होतं. कुणीच नसूही शकत होतं.

तिनं पर्समधून दुसरा कागद काढला. घडी नखानं दाबून नीट बसवली, त्याच पानात ठेवला आणि पुस्तक कपाटात परत सरकवलं. कडेनं कागद बोटभर बाहेर राहिला.